गंगापूर रोडने गोवर्धनपर्यंत

नाशिकला येणारे आपले धम्मबांधव बहुधा एकाच वाटेने फिरतात. सकाळी त्रिरश्मी लेणी, दुपारी पंचवटीत काळाराम मंदिराच्या दाराशी दोन मिनिटे उभे राहणे, वाटेत कोंडाजीचा चिवडा आणि संध्याकाळी परतीची गाडी. फार उत्साही मंडळी असली तर दुसऱ्या दिवशी येवल्याची मुक्तिभूमी. ही वाट चांगलीच आहे आणि लेकराबाळांना दाखवलीच पाहिजे. पण तिच्यात गंगापूर रोड येत नाही. तो बंगल्यांचा, लॉन्सचा आणि काचेच्या दुकानांचा रस्ता, असा सर्वांचा समज. नाशिकरोड, देवळाली, सातपूरच्या वस्त्यांतून तिकडे माणसे जातात ती बहुतेक कामाला. कोणी बांधकामावर, कोणी धुणीभांडी करायला, कोणी फाटकावर राखणदार म्हणून.

आमच्या वसाहतीतल्या महिला बचत गटाने गेल्या जानेवारीत ठरवले की यंदाची सहल याच रस्त्याने काढायची. लहानमोठी धरून सत्तावीस माणसे, एक छोटी बस आणि डबे. कारण विचाराल तर त्रिरश्मीच्या दहाव्या लेण्यातला एक लेख. त्यातल्या गोवर्धन या नगराचे नाव गटातल्या बायकांना पाठ झाले होते, आणि ते गोवर्धन आजही गंगापूर रोडच्या पुढच्या टोकाला नांदते आहे, हे कळल्यापासून त्यांना स्वस्थता नव्हती. लेखाची हकीकत पुढे सांगतोच. आधी रस्ता.

रस्त्याची सुरुवात अशोकस्तंभाच्या चौकातून होते. नाव ऐकूनच आमच्या बसमध्ये पहिला 'जयभीम' झाला. तेथून गोदावरी उजव्या हाताला ठेवून हा रस्ता पश्चिमेला धरणाकडे जातो. नदी सारखी दिसत नाही, इमारतींच्या आड असते. पुढे के.टी.एच.एम. महाविद्यालय लागते. १९१४ साली स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक संस्थेचे हे मोठे महाविद्यालय, अगदी नदीकाठी. याच संस्थेचे उदोजी मराठा बोर्डिंगचे आवार या रस्त्यावर आहे. या वसतिगृहाच्या कोनशिलेसाठी राजर्षी शाहू महाराज एप्रिल १९२० मध्ये नाशिकला आले होते. म्हणजे माणगाव परिषदेत त्यांनी बाबासाहेबांना पुढारी म्हणून लोकांसमोर ठेवले, त्यानंतर महिन्याभरातच. शेतकऱ्यांच्या पोरांना शहरात राहायला जागा नाही म्हणून शिक्षण सुटते, हे त्या काळच्या जाणत्यांनी ओळखले होते. वसतिगृह नसते तर आपल्यातले किती जण शिकले असते, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

पुढे विद्याविकास चौकाजवळ कुसुमाग्रज स्मारक. कुसुमाग्रजांचा २७ फेब्रुवारी हा जन्मदिवस मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा होतो आणि १९८७ चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले, एवढे शाळेतल्या मुलांनी लगेच सांगितले. पण विशीतले शिरवाडकर काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या बाजूने उभे राहिले होते, हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हते. पाठ्यपुस्तकात कवीची माहिती देताना ही ओळ नेमकी का गळते, कोण जाणे. सत्याग्रहाला विरोध करणाऱ्या शहरातच त्याला साथ देणारा एक कॉलेजचा पोरगाही होता. आमच्या मुलांना हे सांगताना बरे वाटले. स्मारकाच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना काढली. पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाला द्यायची, त्यांनी वाचून झाली की बदलून घ्यायची. तुरुंग आणि दवाखान्यांपर्यंत या पेट्या गेल्या. आपल्या विहारांनी हे बघून घ्यावे असे आम्हाला वाटते.

आता पोटाचे. नाशिकला येऊन मिसळ खाल्ली नाही तर घरी काय सांगणार? गंगापूर रोडच्या पश्चिम भागात, बारदान फाट्याच्या आसपास, मळ्यात थाटलेली मिसळीची ठिकाणे आहेत. चुलीवरचा रस्सा, मोड आलेल्या मटकीची उसळ, वरून फरसाण, सोबत पाव, भाजलेला पापड, वाटीत दही आणि शेवटी जिलेबी. रस्सा दोन रंगांचा मिळतो. लाल जरा नरम, आणि काळा म्हणजे भाजलेल्या खोबऱ्याचा आणि काळ्या मसाल्याचा, नाकातून पाणी काढणारा. गटातल्या एका मावशींनी चमचा तोंडात घालून निकाल दिला, "मसाला आपल्याच घरचा वाटतो गं, फक्त भाव त्यांचा." खरेच आहे. काळा मसाला, जाड रस्सा, चुलीची आच हे आपल्या बायकांचे रोजचे. तेच आता झाडाखाली, झोपाळ्याशेजारी, रांग लावून विकले जाते. बचत गटाच्या दोघी रस्सा बाजूला ठेवून मालकाच्या ताटांची मोजणी करीत होत्या. त्यांच्या डोक्यात काय चालले होते ते आम्ही ओळखले, पण बोललो नाही. रविवारी गर्दी फार, सकाळी नऊच्या आत गेलात तर निवांत बसता येते.

आनंदवली याच टापूत. राघोबादादा पेशवे आणि आनंदीबाई येथे राहत, आणि गावाचे नाव आनंदीबाईंवरून पडले असे सांगतात. तेथून थोड्याच अंतरावर गंगापूर गाव. तेथे नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई राहिल्या आणि १७८८ मध्ये वारल्या. ज्यांचा धाकटा मुलगा नारायणराव १७७३ मध्ये मारला गेला त्या गोपिकाबाई, आणि ज्यांच्यावर त्या खुनाचा ठपका पिढ्यान्पिढ्या ठेवला गेला त्या आनंदीबाई, दोघींची घरे एकाच नदीच्या एकाच बाजूला. पेशवाई म्हटली की आपल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे काय येते ते लिहायला नको. राजवाड्यांचे आता फारसे काही उरलेले नाही. आम्ही बसमधूनच पाहून पुढे गेलो.

सोमेश्वर मात्र उतरण्याचे ठिकाण. महादेवाचे जुने देऊळ, मोठी झाडे, नदीचा उतार आणि सुट्टीच्या दिवशी जत्रेसारखी माणसे. देवळात ज्याला जायचे तो जातो, आमची मंडळी सरळ पाण्याकडे वळली. भाजलेली कणसे, उकडलेल्या शेंगा, तिखटमीठ लावलेले पेरू आणि हिवाळ्यात हरभऱ्याचे डहाळे येथे मिळतात. झाडाखाली सतरंज्या टाकून डबे उघडले. मिसळ झाली असली तरी डबे आणायचे असा मावशींचा आग्रह होता आणि तो बरोबर ठरला. बाजरीची भाकरी, सुकटीची चटणी, भरीत, ठेचा आणि शेजारच्या घरून आलेले तिळाचे लाडू. एका डब्यातले दुसऱ्या डब्यात जाता जाता कोणी काय आणले याचा पत्ता लागेना.

आमच्यातल्या सर्वांत थोरल्या आजींनी ऐंशी ओलांडली आहे. जन्म नाशिकचाच. त्यांचे वडील सत्याग्रहात होते असे घरात सांगत आले आहेत. २ मार्च १९३० ला, बाबासाहेब आणि भाऊराव गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली हजारोंची मिरवणूक निघाली, मंदिराचे दरवाजे बंद होते, म्हणून ती गोदेच्या घाटाकडे वळली आणि तेथे सभा झाली. हे आपण पुस्तकात वाचतो. रामकुंडाच्या पाण्यालाही तेव्हा आपल्या माणसांना मज्जाव होता. आजी म्हणाल्या, "आमची आई घाटाकडे बघायचीबी न्हाई. म्हणायची, नदीला आपली वळख न्हाई." मग नातसुनेचा हात धरून त्या खाली गेल्या, एका सपाट दगडावर बसल्या आणि पाय पाण्यात सोडले. तासभर तशाच बसून होत्या. त्यांना कोणी उठवले नाही. नाशकात जन्म काढलेल्या बाईने केवळ बरे वाटावे म्हणून नदीकाठी बसण्याची ही पहिली वेळ होती.

त्याच पात्रात पुढे धबधबा आहे. जानेवारीत तो बारीक असतो. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले की काळ्या खडकावरून सारे पात्र पांढरे होऊन खाली येते आणि आवाजाने बोलणे ऐकू येत नाही. शहरात पुराची उंची दुतोंड्या मारुतीवरून मोजतात. पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, अशी बातमी नाशिककर एकमेकांना देतात. २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर लोकांच्या चांगले लक्षात आहेत. नदीकाठाने बांधलेल्या गोदापार्कच्या पायवाटेची मोडतोड याच पुरांनी केली.

येथे थोडे थांबून लिहितो, कारण विषय जिवाचा आहे. सोमेश्वरचा धबधबा आणि धरणाचा काठ या दोन्ही ठिकाणी बुडून तरुण मुले जातात. वर्तमानपत्रात चार ओळी येतात, गाव, वय आणि 'पाण्याचा अंदाज न आल्याने'. खडक शेवाळाने गुळगुळीत असतो, पात्रात रांजणासारखे खळगे असतात, वरून शांत दिसणारे पाणी आत ओढते. पण आणखी एक कारण आहे आणि ते आपल्यालाच बोलले पाहिजे. आपल्या पोरांना पोहता येत नाही. येणार कसे? ज्यांच्या आज्या-पणज्यांना विहिरीवर, तळ्यावर, घाटावर चढू दिले नाही, त्यांच्या घरात पोहणे शिकवणार कोण? महाडला १९२७ साली आपण पाणी प्यालो, पोहायचे मात्र राहून गेले. नाशिकमध्ये महापालिकेचे जलतरण तलाव आहेत, शिकवणारेही आहेत. क्लासची, टायपिंगची, संगणकाची फी आपण पोटाला चिमटा घेऊन भरतो, तशी ही एक भरावी. मुलींचीसुद्धा. तोपर्यंत सहलीला गेल्यावर पाण्यात उतरणाऱ्यांची मोजणी एका माणसाकडे द्यावी. आमच्या सहलीत हे काम गटाच्या खजिनदारीणबाईंकडे होते. दर पंधरा मिनिटांनी त्या आकडा बोलत आणि सत्तावीस भरल्याशिवाय शेंगा तोंडात टाकत नसत.

दुपारी धरणावर. गंगापूर धरण मातीचे, जवळजवळ चार किलोमीटर लांब, १९६५ मध्ये पूर्ण झालेले. साठा ५६३० दशलक्ष घनफूट. नाशिक शहराच्या नळांना येणारे बहुतेक पाणी येथलेच. काठावर उभे राहिले की समोर आभाळाएवढे पाणी आणि पलीकडे डोंगरांची निळी रांग. ब्रह्मगिरीवर उगवणारी गोदावरी येथे जेमतेम सुरू झालेली असते, पुढे तिला १४६५ किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळायचे आहे. इतक्या अलीकडेच तिला अडवून शहर, शेती, कारखाने आणि पुढे मराठवाडा असे वाटेकरी उभे आहेत. दुष्काळी साल आले की जायकवाडीसाठी पाणी सोडण्यावरून तंटा होतो. पर्यटन महामंडळाचा बोट क्लब या जलाशयावर आहे. बोटी सुरू आहेत का आणि दर काय, हे आधी विचारून जावे. अंगात जॅकेट घातल्याशिवाय कोणी बसू नये. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी फेरी घेतली, निम्मे काठावर पाखरे पाहत बसले. पाखरे फुकट होती.

धरणाच्या अंगाला द्राक्षमळे सुरू होतात. १९९९ साली सुरू झालेली सुला ही वाइन कंपनी याच भागातली, आणि तिच्यामुळे पुण्यामुंबईच्या मोटारींची रांग या रस्त्याला लागते. पाचवे शील आपण रोज म्हणतो, तेव्हा चाखण्याबद्दल आम्ही काही सांगू शकत नाही. द्राक्षाबद्दल सांगू शकतो. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, आणि जानेवारीपासून माल उतरू लागतो. या प्रत्येक कामाला हात लागतात. हे हात कोठून येतात ते पाहायचे असेल तर याच बाजूच्या गिरणारे गावी सकाळी जावे. पेठ, सुरगाणा, हरसूलकडची आदिवासी माणसे, नवराबायको, कडेवर पोर, हंगामात तेथे मजुरीसाठी उभी असतात. मळेवाला येतो, भाव ठरतो, गाडी भरून निघते. याला मजूर बाजार म्हणतात. टोमॅटोच्या बाजारासाठीही गिरणारे प्रसिद्ध आहे. आम्ही वाटेत एका शेतकऱ्याकडून द्राक्षे घेतली, गोड निघाली. पेटी बांधून देणाऱ्या बाईला आमच्या बायकांनी रोज किती पडतो म्हणून विचारले. ती हसली, आकडा सांगितला नाही.

परतताना ऊन कलले तेव्हा गोवर्धनला उतरलो. गंगापूरला लागूनच असलेले हे गाव, आज साध्या घरांचे, शेतीचे आणि थोड्या नव्या प्लॉटचे. पाहायला म्हणाल तर विशेष काही नाही. पण १८८३ च्या नाशिक गॅझेटियरमध्येही या जोडगावाची नोंद आहे आणि लेण्यांतले गोवर्धन ते हेच, असे मानले जाते. शिवमंदिरे, वाडे, राजवाडे यांच्या कितीतरी आधी हे नगर होते. त्याच्याही आधीचे सांगायचे तर गंगापूरजवळच्या नदीच्या थरांत डॉ. ह. धी. सांकळिया यांना अश्मयुगातल्या माणसाची दगडी हत्यारे सापडली आणि १९५२ मध्ये त्यांनी त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. तो माणूस या काठी आला, पाणी प्याला, शिकार सोलली. त्याला कोणी जात विचारली नसणार.

आता तो लेख. नहपान राजाचा जावई उषवदात याने सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी त्रिरश्मीवर लेणे खोदवून ते चारही दिशांच्या भिक्खुसंघाला दिले. सोबत तीन हजार कार्षापण कायमची ठेव म्हणून दिले. ही ठेव त्याने कोणाकडे ठेवली? गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघटनांकडे. लेखात त्यांना 'कोलिक' म्हटले आहे. दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत द्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यायचे. आमचा पेशा आकडेमोडीचा, म्हणून गोवर्धनच्या रस्त्याकडेला उभे राहून बायकांसमोर तो हिशेब मांडला. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्खू, प्रत्येकी बारा, बेरीज दोनशे चाळीस. पैचीही तफावत नाही. शिवाय हा सारा व्यवहार नगराच्या निगमसभेत जाहीर करून नोंदवल्याचे लेखातच लिहिले आहे.

दान राजाच्या जावयाचे होते हे खरे, आणि त्याने ब्राह्मणांनाही भरपूर दाने दिली हेही त्याच्याच लेखांत आहे. तेवढ्याने भारावून जाण्याचे कारण नाही. आम्हाला महत्त्वाचे वाटते ते हे की एवढी रक्कम त्याने मागावर बसणाऱ्यांच्या हाती दिली आणि ते ती पिढ्यान्पिढ्या सांभाळतील असा त्याला विश्वास होता. पुढे विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेनेही तसेच केले. आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी तिने गोवर्धनच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्या. त्यांत तेली होते, पाण्याची यंत्रे करणारे होते. उषवदाताच्या लेखात आणखी एक नोंद आहे. त्याने भडोच, मंदसोर, सोपारा आणि गोवर्धन येथे प्रवाशांसाठी धर्मशाळा बांधल्या, आणि तापी, दमण, डहाणूकडच्या नद्यांवर नावेतून फुकट उतार ठेवला. त्यातली एक धर्मशाळा म्हणजे याच भागात कोठेतरी.

"म्हणजे आपला गट काही नवा नाही," गटाच्या अध्यक्षा म्हणाल्या. खजिनदारीणबाईंनी लगेच विचारले, "शेकडा एक म्हणजे वर्षाला बारा टक्के. आपण किती घेतो?" यावर बसमध्ये जो वाद झाला तो अशोकस्तंभापर्यंत पुरला. व्याज कमी करून त्यातला काही भाग आजारपणाच्या मदतीसाठी वेगळा काढावा, असे ठरत आले आहे. पुढच्या बैठकीत मत घेतले जाईल.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. मुंबई-कल्याणकडून सकाळची तपोवन एक्स्प्रेस नाशिकरोडला उतरवते. खेड्यांतून येणाऱ्या बहिणींना एस.टी.त २०२३ पासून अर्धे तिकीट आहे. शहरात २०२१ पासून सिटीलिंकच्या बस धावतात. गंगापूर गावाकडे जाणारी बस मध्यवर्ती बसस्थानकाच्या परिसरातून मिळते, धरणाकडे मात्र स्वतःचे वाहन किंवा ठरवलेली गाडी सोयीची. आधी त्रिरश्मीचे दहावे लेणे पाहून मग गोवर्धनला यावे, उलटे करू नये. लेणी दक्षिणेला मुंबई महामार्गावर आहेत, तेव्हा सकाळ तेथे आणि दुपार गंगापूर रोडला असा बेत बसतो. पाण्याच्या बाटल्या परत आणाव्यात, नदीत आधीच पुष्कळ आहेत. उन्हाळ्यात आनंदवलीकडचे पात्र पाणवेलीने भरलेले असते, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. आणि घरात वडीलधारे कोणी असेल तर त्यांना सोबत न्यावे. सोमेश्वरला खाली उतरायला पायऱ्या आहेत, हात धरला की जमते.